पणजीत नवा लक्झरी फ्लॅट: आधी चलता नंबर, मग शो-फ्लॅट

प्रश्न कोल्हापूरच्या एका निवृत्त जोडप्याचा आहे. मुलगा बंगळुरूला असतो. वर्षातले चार-पाच महिने गोव्यात राहायचा त्यांचा विचार आहे. पणजीत सांतिनेजच्या बाजूला सात मजल्यांची नवी लक्झरी इमारत उभी राहतेय. दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत दीड कोटी. गच्चीवर स्विमिंग पूल, तळमजल्यावर कॅफे आणि जिम, तळघरात पार्किंग. एजंट सांगतो की चारच फ्लॅट उरलेत आणि गणपतीनंतर भाव वाढणार. बँकेनं प्रोजेक्ट मंजूर केलाय म्हणजे कागद चोख आहेत, असंही तो म्हणतो. शिवाय तुम्ही राहत नसाल तेव्हा फ्लॅट पर्यटकांना भाड्यानं देऊन वर्षाला आठ टक्के हमखास मिळवून देतो म्हणतो. घ्यावा का?

मी सिव्हिल इंजिनिअर. पहिली दहा वर्षं साइटवर सळ्या मोजल्या, त्यानंतर गेली अठरा वर्षं पणजीत बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. आधी सरळ उत्तर देतो. जागा उत्तम आहे आणि तुमच्या वयाला, तुमच्या गरजेला शोभणारी आहे. पण टोकन आत्ता देऊ नका, आणि भाड्याच्या हिशेबावर तर मुळीच घेऊ नका.

बँकेच्या मंजुरीचं आधी सांगून टाकतो, कारण त्यातलं आतलं मला माहीत आहे. बँक तिचं कर्ज बुडू नये एवढंच बघते. तुमच्या पगारातून किंवा पेन्शनमधून हप्ता निघतोय आणि तारण पुरेसं आहे, एवढ्यावर तिचं समाधान होतं. मूल्यांकन करणारा माणूस साइटवर अर्धा-पाऊण तास असतो. मी स्वतः तेवढाच असतो. तेवढ्या वेळात ओलावा दिसत नाही, कौटुंबिक भांडण तर नाहीच नाही.

आता परिसर. सांतिनेज, मिरामार, कांपाल हा पट्टा पणजीतला सगळ्यात जिवंत भाग. अठरा जून रस्ता पायी गाठता येतो, कला अकादमी जवळ, संध्याकाळी मिरामारच्या वाळूत फेरी. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल, गाडीनं फार लांब नाही, आणि साठीनंतर ते समुद्रापेक्षा महत्त्वाचं. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथंच होतो, त्यामुळे नोव्हेंबरात कांपालला जत्रा असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल, पाठोपाठ शिगमो. हे सगळं आवडत असेल तर मजा आहे. आवडत नसेल तर ज्या रस्त्याकडे बेडरूमची खिडकी उघडते तो रस्ता शनिवारी रात्री अकरा वाजता स्वतः उभं राहून ऐका. एजंट तुम्हाला मंगळवारी सकाळी अकराला नेणार, तेव्हा तिथं फक्त कावळे असतात. ज्या इमारतीच्या पोटातच कॅफे आहे तिथं पहिल्या दोन मजल्यांवर फ्लॅट घेऊ नये असं माझं मत. कॅफेचा आवाज एक वेळ चालतो, पण त्याच्या किचनचा एक्झॉस्ट आणि पहाटे बाटल्यांचे क्रेट उतरवणारा टेम्पो सोसवत नाही.

परिसर बघायची दुसरी वेळ म्हणजे जुलैतली भरती. पणजी हे बऱ्याच अंशी चिखल आणि खाजणावर भर टाकून उभं केलेलं गाव आहे. सांतिनेजची खाडी ताळगावच्या शेतांकडून निघते आणि कांपालला मांडवीत जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की गटाराचं पाणी नदीत शिरायच्या ऐवजी मागं फिरतं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या गल्लीतल्या जुन्या घराची पायरी बघा. तीन-चार पायऱ्या चढून घरात जावं लागत असेल तर त्या माणसाच्या आजोबाला पाणी कुठवर येतं ते माहीत होतं. नव्या इमारतीची जोतपातळी त्या पायरीच्या वर आहे की खाली, एवढं नुसत्या डोळ्यांनी कळतं. कोपऱ्यावरच्या गाडेवाल्याला विचारा, तो हातानं गुडघ्याची उंची दाखवील किंवा घोट्याची.

आता जमीन. इथं जरा थांबू या, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाचा घोटाळा बहुतेक इथंच होतो. तुम्हाला सातबारा माहीत. गोव्यात पंचायत भागात त्याच्या जागी फॉर्म एक आणि चौदा असतो. पणजीच्या हद्दीत सिटी सर्व्हे झालेला आहे, म्हणून तिथं फॉर्म डी, आणि जमिनीची ओळख पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर यांनी होते. रस्ता ओलांडला की कुठं महापालिका संपते आणि ताळगाव पंचायत लागते, त्यामुळे आधी हे विचारा की प्लॉट नेमका कुणाच्या हद्दीत आहे. परवाने कोण देणार, घरपट्टी कोण घेणार, कचरा कोण उचलणार, सगळं त्यावर ठरतं. माहितीपत्रकात पूलचं चित्र पूर्ण पानभर असतं. चलता नंबर मात्र शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, किंवा नसतोच. तो मागून घ्या. देत नसतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

मग नावं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो. वारसा आणि इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) यांचा भाग आता २०१२ च्या गोवा कायद्यात आला आहे. त्याचा साधा परिणाम असा: नवरा-बायकोनं लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, वारशानं आलेलीसुद्धा. आणि मुलीला मुलाइतकाच वाटा, हे इथं आज-कालचं नाही. म्हणजे जुन्या घराच्या मालकाला चार मुलं असतील तर कागदावर आठ सह्या लागतात, चार भावंडांच्या आणि चौघांच्या जोडीदारांच्या. त्यातला एक वारला असेल तर त्याची मुलं आणि त्यांचे जोडीदार. निम्मे लिस्बनला नाहीतर लंडनला. बिल्डरनं मुखत्यारपत्रावर सह्या गोळा केलेल्या असतात. ते मुखत्यारपत्र केव्हाचं आहे आणि ज्यानं ते दिलं तो आज हयात आहे का, हे तुमच्या वकिलानं बघायचं. देणारा गेला की साधं मुखत्यारपत्रही तिथंच संपतं.

माझ्याच पाहण्यातली एक इमारत सांगतो. गाव आणि नाव सोडून देतो. सहा मजले उठले, पुढं काचा बसल्या, लॉबीत इटालियन मार्बल आला. आणि एका धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं दावा लावला: विक्रीखतावर माझी सही नाही. त्याचा वाटा तसा लहानसाच होता. पण मनाई हुकूम आला आणि भोगवटा दाखला अडला. लोकांचे हप्ते चालू, घरभाडं चालू, आणि काचेतून मार्बल दिसतोय. मी त्या इमारतीचं मूल्यांकन तीनदा केलं, तिन्ही वेळा लिफ्टच्या जागी फळी ठोकलेली होती. तुमच्या प्लॉटच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणत नाही. पण इन्व्हेंटरीची ऑर्डर किंवा सक्सेशन डीड आणि त्यात आलेलं प्रत्येक नाव, हे विक्रीखतातल्या नावांशी बोट ठेवून जुळवलं पाहिजे. हे काम तासाभराचं आहे. तुमचा वकील गोव्याचाच हवा. कोल्हापूरचा कितीही हुशार असला तरी १९६१ पूर्वीचे पोर्तुगीज नोंदींचे कागद तो वाचणार नाही.

फॉर्मवरच्या ‘इतर हक्क’ या रकान्याकडे नीट बघा. तिथं कूळ किंवा मुंडकाराचं नाव असलं तर सावध व्हा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेला माणूस. १९७५ च्या कायद्यानं त्याला हुसकता येत नाही, आणि घराभोवतीची जागा विकत घ्यायचा हक्क त्याला आहे, शहरी भागात २०० चौरस मीटरपर्यंत, पंचायत भागात ३०० पर्यंत. बिल्डर म्हणेल की त्याला फ्लॅट देऊन मिटवलंय. चांगली गोष्ट आहे, मग तसा नोंदणी केलेला कागद दाखवा म्हणावं. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची, असेल तर प्रकरण आणखी वेगळं, ते वकिलावर सोडा.

झोनचं थोडक्यात: ज्या जमिनीचा झोन (ती शेतीची की घरांची, हे ठरवणारा शिक्का) अलीकडे बदलून मिळालाय ती मी टाळतो. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली झालेल्या बदलांवरून केवढा गदारोळ झाला ते गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याखालचे नियमच रद्द केले. सांतिनेजसारख्या जुन्या वस्तीच्या भागात ही भीती कमी, ताळगावच्या शेतांकडे सरकाल तशी जास्त. ज्या मळ्यांतून ताळगावची वांगी बाजारात यायची तिथं आता सॅम्पल फ्लॅटचे झेंडे लागलेत. आणि खाडीला लागून प्लॉट असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, नकाशा मागा. भरतीचं पाणी जिथवर शिरतं त्या खाडीलाही तो कायदा लागतो, नुसत्या समुद्रकिनाऱ्याला नाही.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, तुम्हाला महाराष्ट्रामुळे माहीत असणारच, म्हणून भरभर सांगतो. गोवा रेराच्या संकेतस्थळावर प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक टाका, मंजूर नकाशे आणि पूर्ण करायची तारीख तिथं दिसते. एजंटनं तोंडी सांगितलेल्या तारखेपेक्षा ती तारीख बरीच पुढची असते. खरी तीच. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घ्यायला बिल्डरला परवानगी नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत पंधरा लाखांची कमाल मर्यादा. त्यांनी वीस टक्के मागितले तर त्यातूनच माणूस कळतो. बांधकामात दोष निघाला तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं दुरुस्ती त्याच्या खर्चानं. बांधकाम चालू असताना घेतलात तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे दीड कोटीवर साडेसात लाख; पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलात तर शून्य. पन्नास लाखांच्या वरची खरेदी असल्यानं एक टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. कागद सांभाळणाऱ्या बहुतेक त्याच असणार.

क्षेत्रफळाचा हिशेब मात्र हातानं करून बघा. गोव्यात भाव चौरस मीटरवर बोलतात, तुमचं डोकं चौरस फुटात चालतं, आणि त्या फटीत बरंच काही जिरतं. समजा फ्लॅट १२० चौरस मीटर ‘सुपर बिल्ट-अप’ (जिना-लॉबीचा वाटा धरून) आहे आणि रेराप्रमाणे कार्पेट ७८. दीड कोटीला भाव दिसतो सव्वा लाख रुपये मीटर. कार्पेटवर तोच १,९२,००० च्या वर जातो. फुटात सांगायचं तर ११,६०० ऐवजी जवळजवळ १७,९००. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. चार इमारतींची तुलना करायची तर ती फक्त कार्पेटवर करा. शो-फ्लॅटमध्ये जाताना खिशात टेप ठेवा. आतली दारं काढून ठेवलेली असतात, म्हणजे खोली मोठी वाटते, आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड करून घेतलेला असतो. एकदा मी त्या पलंगावर आडवा झालो. पाय घोट्यापासून बाहेर आले आणि विक्रीवाली मुलगी हसायला लागली.

आता माझा खरा विषय: इमारत. समुद्रापासून एवढ्या जवळ काँक्रीटचा शत्रू एकच, खारा वारा. हवेतलं मीठ आणि ओल काँक्रीटमधून आत झिरपत सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि वरचं काँक्रीट आतून फोडतो. मिरामार-करंझाळ्याच्या विशी-पंचविशीतल्या इमारतींच्या बाल्कन्या खालून बघा, पोपडे आणि तांबडे पट्टे दिसतील. म्हणून आयएस ४५६ या मानकात किनाऱ्याला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलंय. आतल्या गावाकडच्या साध्या घराला वीस मिलिमीटरही पुरतं. इमारत अजून उठतेय हे तुमचं नशीब, कारण हे आत्ताच बघता येतं. स्लॅब भरायच्या आधी सळ्यांच्या जाळीखाली छोटे ठोकळे लावतात, कव्हर ब्लॉक. ते किती जाडीचे आहेत आणि किती अंतरावर आहेत ते बघायचं. एका नावाजलेल्या साइटवर मला त्या ठोकळ्यांच्या जागी फुटक्या फरशीचे तुकडे दिसले होते. इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, आज ठोकळे संपले. लॉबीतला मार्बल कधी संपत नाही. तुम्हाला हे बघणं जमणार नसेल तर एखादा स्थानिक इंजिनिअर दोन-तीन भेटींसाठी पैसे देऊन ठेवा. दीड कोटीच्या घरात ते पैसे किस झाड की पत्ती.

पाया पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा, असणार, या मातीत दुसरं जमत नाही. माती-तपासणीचा अहवाल मागा आणि पाइल खडकापर्यंत गेलेत का, एवढंच विचारा. तळघरातल्या पार्किंगबद्दल मी जास्त धास्तावतो. भूजल इथं हातभर खाली असतं, भरतीला आणखी वर चढतं, आणि तळघर म्हणजे त्या पाण्यात बसवलेला डबा. पाणी उपसायचे पंप किती, एक बिघडला तर दुसरा आहे का, आणि वीज गेल्यावर ते जनरेटरवर चालतात का? विजेचा मुख्य पॅनेल तळघरात आहे की वर? तो खाली असेल तर एका मोठ्या पावसात लिफ्ट, पंप आणि दिवे एकदमच जातात. तसा प्रसंग मी पाहिलाय. सात मजले चढून औषधाची पिशवी नेणारी एक आजी अजून डोळ्यापुढं आहे.

आणि छज्जे मोजा. हसू नका, हे माझं सगळ्यात लाडकं परीक्षण आहे. जुन्या गोंयकारानं घर बांधताना कौलांच्या पागोळ्या भिंतीच्या चांगल्या बाहेर काढल्या, पुढं बाल्कांव (बसायची पडवी) काढला, खिडकीला शिंपल्यांच्या फळ्या लावल्या. नैर्ऋत्येचा पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. हे त्याला कळत होतं. आजची ‘मॉडर्न’ इमारत म्हणजे गुळगुळीत डबा, खिडकीवर छज्जा नाही, कारण छज्ज्यानं एलिव्हेशन बिघडतं. मग सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत पाणी साचतं आणि वाऱ्याच्या झोतासरशी आत फुटतं. माझा एक जुना गवंडी, बार्देशचा, भिंतीवर हात ठेवून सांगायचा, “उदकाक वाट जाय, सायबा.” पाण्याला वाट हवी. खिडकीच्या पन्हळीला बाहेरून पाणी जायची भोकं आहेत का ते करंगळी घालून बघा. निम्म्या ठिकाणी ती सिमेंटनं किंवा सिलिकॉननं बुजलेली असतात.

फ्लॅट निवडताना म्हणूनच माझा सल्ला एजंटच्या उलटा आहे. तो तुम्हाला वरच्या मजल्याचा, पश्चिमेकडचा ‘नदी दिसणारा’ फ्लॅट जास्त पैशानं विकेल. सूर्यास्त सुंदर दिसतो यात वाद नाही. पण पश्चिम-नैर्ऋत्य कोपऱ्याला चार महिने पाऊस झोडपतो आणि बाकीचे आठ महिने ऊन. तुम्ही तिसरा किंवा चौथा मजला घ्या, पूर्व किंवा उत्तरेकडे उघडणारा. सातव्या मजल्यावर, पूलच्या बरोबर खाली, फुकट दिला तरी घेऊ नका. गच्चीवरचा पूल म्हणजे डोक्यावर कायमचं भरलेलं टाकं. त्याचं वॉटरप्रूफिंग दहा वर्षं टिकलं तर उत्तम, आणि गळायला लागला की दुरुस्ती कुणी करायची यावर सोसायटीच्या तीन सभा होतात.

ताबा घ्यायच्या आधी बाथरूमच्या बुडवलेल्या स्लॅबमध्ये पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायला लावा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. फरशीवर रुपयाचं नाणं आपटत चाला. जिथं पोकळ वाजतं तिथं खाली माल नाही. बाल्कनीचं रेलिंग स्टीलचं असेल तर ग्रेड विचारा. ३०४ ला खाऱ्या हवेत दोन पावसांत तांबूस डाग पडतात, ३१६ लागतं. एसीच्या बाहेरच्या युनिटचंही तसंच. किचन एमडीएफचं नको, मरीन प्लायचं करून घ्या.

तुम्ही वर्षातले चार-पाच महिनेच इथं राहणार असं लिहिलंय. मग बुरशीची गोष्ट सांगायलाच हवी. पुण्याच्या एका डॉक्टरांनी मे महिन्यात फ्लॅट बंद केला आणि दिवाळीत उघडला. मी सोबत होतो. दार उघडल्यावर आधी वास आला, ओल्या गोणपाटाचा. मग दिसलं: सोफ्यावर पांढरट लव, कपाटात टांगलेल्या कोटाच्या खांद्यावर हिरवी, चामड्याच्या चपलांवर तर कापूस पिंजून ठेवल्यासारखी. कुठंही गळत नव्हतं. फक्त हवा कोंडली होती. त्यामुळे कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवून बसवू नका, बाथरूमचा एक्झॉस्ट टायमरवर लावा, आणि आठवड्यातून एकदा येऊन खिडक्या उघडणारी बाई ठरवा. त्या बाईला पगार द्या, चावी द्या, आणि तिचा नंबर मुलाकडेही असू द्या.

भाड्याच्या आठ टक्क्यांचा हिशेब आता तुम्हीच करून बघा. दीड कोटीचे आठ टक्के म्हणजे वर्षाला बारा लाख. रात्रीला पाच हजार मिळाले असं धरलं तर २४० रात्री फ्लॅट भरलेला हवा. कमिशन, साफसफाई, वीज यांत तीस टक्के गेले तर हातात रात्रीचे साडेतीन हजार उरतात, मग लागतात ३४३ रात्री. वर्षाच्या ३६५ मधून तुम्ही स्वतः चार महिने राहणार. पावसाळा धरलेलाच नाही. वर पर्यटकांना जागा द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि सोसायटीतल्या कायमच्या रहिवाशांशी भांडण ठरलेलं, कारण रात्री दीडला चाकांच्या बॅगा ओढत येणारी माणसं कुणालाच नको असतात. हमीचा कागद कुणाच्या सहीचा आहे ते बघा. बहुतेक वेळा बिल्डरची नसते, कालपरवा काढलेल्या वेगळ्याच कंपनीची असते.

देखभालीचा खर्च लक्झरी इमारतीत कमी होत नसतो. लिफ्ट, तीन पाळ्यांचे पहारेकरी, पूल, जनरेटरचं डिझेल, सांडपाण्याची यंत्रणा. चाळीस फ्लॅट आणि महिन्याचा खर्च चार लाख धरला तर प्रत्येकी दहा हजार. पण निम्मे फ्लॅट दिल्ली-मुंबईच्या लोकांचे आणि बंद असतात, त्यांची थकबाकी वसूल करणं हा इथल्या प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीचा छंद झालाय. दोन वर्षांची आगाऊ रक्कम बिल्डर घेतो, ती कुठं ठेवणार आणि सोसायटीला केव्हा देणार, ते करारनाम्यात लिहून घ्या. पाणी फोंड्याजवळच्या ओपा जलप्रकल्पातून येतं. कधी मोठी जलवाहिनी फुटली की पणजी दोन-दोन दिवस कोरडी राहते, म्हणून जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि माणशी किती दिवस पुरेल, हे जिमच्या आधी विचारा.

पार्किंगची जागा करारनाम्यात नंबरासकट नकाशावर दाखवून घ्या. स्टिल्टमधली, म्हणजे खांबांवरच्या उघड्या तळमजल्यातली, जागा वेगळी विकता येत नाही, असं महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय, तरी ‘पार्किंगचे पाच लाख’ असं वेगळं बिल अजून समोर येतं. विक्रीखतात फ्लॅटसोबत जमिनीतला अविभक्त हिस्सा तुमच्या नावे येतो का, तेही वकिलाला बघू द्या. महाराष्ट्रात सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करतात तशी पद्धत इथं सहसा नाही. ताबा घ्यायचा तो महापालिकेचा भोगवटा दाखला हातात आल्यावरच. ‘फिट-आउटसाठी (आतल्या फर्निचरच्या कामासाठी) चावी देतो’ म्हणाले तर चावी घेऊ नका.

शेवटी एक छोटी विचारपूस. पहाटे सहाला सायकलवरून पों-पों करत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, ताजे उंडे आणि पोई हे पाव घेऊन. काही नव्या इमारतींत त्याला फाटकाच्या आत सोडत नाहीत, मासळीवालीलाही नाही. तुम्ही ज्या गजबजलेल्या वस्तीसाठी दीड कोटी देताय ती वस्ती म्हणजे हीच माणसं, तेव्हा नियमावलीत त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.

तर आत्ता एवढं करा. एजंटकडून पी. टी. शीट, चलता नंबर आणि रेरा नोंदणी क्रमांक लेखी मागा. ते मिळाले की इथल्या वकिलाकडे द्या, त्याला तीन-चार आठवडे लागतील. तोवर जुलैतली एखादी मोठ्या भरतीची तारीख बघून दोघं या, सोबत छत्री आणि पावसाळी चपला आणा, आणि शो-फ्लॅटमध्ये न जाता आधी तळघराच्या उतारावर उभे राहा.